वीज, दोन रकान्यांत

दर महिन्याच्या पाच तारखेला
मला मेलेली माणसं निवडून पाठवावी लागतात,
डाळ निवडावी तशी, चष्मा नाकावर ओढून.
डाव्या पानावर निसर्ग:
पूर, वीज पडून, उष्माघात, थंडी.
उजव्या पानावर बाकी सगळं:
बुडून, भाजून, गच्चीवरून पडून,
साप, भिंत, विहीर, विद्युत धक्का,
आणि तळाशी एक रुंद ओळ, 'इतर'.

सतरा वर्षं झाली.
आधी कार्बन घालून लिहायचे, आता कॉम्प्युटरवर,
जिथं वयाचा रकाना रिकामा सोडला
तर पुढचं पान उघडत नाही.
बेवारसाचं वय मी अंदाजे टाकते. पंचावन्न.
कित्येकांना मी पंचावन्नच दिलंय.

मे महिन्यात मेडिकलच्या शवागारातून
रंगराव बागडेचा फोन येतो, "मॅडम, आजचे चार."
बसस्टँडच्या बाकावरचा एक,
लोहापुलाखालचा एक,
इतवारीत हातगाडीच्या सावलीत बसला
आणि सावली सरकली तरी उठला नाही, तो एक,
चौथ्याचं काहीच कळलं नाही.
डॉक्टर लिहितात, हृदयक्रिया बंद पडून.
ती तर सगळ्यांचीच बंद पडते, साहेब.
पण त्यांच्या कागदात ऊन नसेल
तर माझ्या डाव्या पानावरही ऊन पडत नाही.

देवानंद कुमरे मात्र एप्रिलातला.
वय एकोणचाळीस, सेंट्रिंगचं काम,
वाठोड्याकडे टिनाची खोली.
संध्याकाळी अवकाळी आलं तेव्हा
तो कूलरमध्ये पाणी टाकत होता.
पंचनामा: बादली उलथलेली, वाळा ओला,
उजव्या तळहातावर चवलीएवढा काळा डाग.
साहेबांनी 'विजेने मृत्यू' लिहिलं,
सही ठोकली, बंदोबस्ताला गेले.

कोणत्या विजेने?
भाषेनं एकच शब्द दिला, शासनानं दोन रकाने.
ढगातली असेल तर कागद तहसीलला जातो,
उशिरा का होईना, चेक येतो.
तारेतली असेल तर एक माणूस येतो,
विचारतो, अर्थिंग होतं का,
प्लग दोन पिनांचा का,
मीटर कोणाच्या नावावर.

सुगंधा कुमरे दोनदा आली.
"मले काय माहीत मॅडम कोणती होती थे.
कडकड झालं, अन् हे पडले.
पंखा? फिरत होता. मंग नव्हता.
मंग पोरानं काडीनं वायर वढला.
काऊन वढला? भेव वाटलं ना त्याले."
मग टेबलावर वाकून, हळूच,
"डाव्या हाताकडे लेहा ना बाप्पा."
कोणी शिकवलं हिला डावं-उजवं?

नोकरीला लागल्यावर पहिल्याच पावसाळ्यात
मी जुनं रजिस्टर काढून अण्णांना शोधलं होतं.
गांधीसागरातून काढलेले, पहाटे.
'पाय घसरून', असं लिहिलंय.
चप्पल मात्र काठावर होती, जोडून ठेवलेली,
हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक.
कोण्या हवालदाराचं अक्षर आहे ते, गोल, सावकाश,
'घ' जरा पुसट.
त्या माणसाला मी कधी शोधलं नाही.

यंदा आकडा सहा तारखेला गेला.
दुपारी मुख्यालयातून फोन,
"मॅडम, मर्ग एकतीस, रकान्यांची बेरीज तीस.
एक कुठं गेला?"
"बघते," म्हटलं.
फाईल ड्रॉवरमध्ये होती, माझ्या डब्याखाली.

रात्री घरी कूलर बंद केला,
प्लग काढला, काढल्याचं पुन्हा पाहिलं,
रबरी चप्पल घातली
आणि मग पाणी भरलं.
खिडकीबाहेर, नंदनवनच्या टाकीमागं,
आभाळ एकदा नुसतंच उजळलं.
आवाज आलाच नाही.